चप्पल निसटते का, ते आधी सांग

पोरा, तुझा एमआरआयचा कागद मोबाइलवर मिळाला. चष्मा पुसून दोनदा वाचला. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी मागे सरकलीय आणि डाव्या बाजूच्या नसेवर टेकलीय, एवढाच त्या सगळ्या इंग्रजीचा अर्थ. खाली तू विचारलंयस, "काका, ऑपरेशन लागन का?" त्याचं उत्तर त्या कागदात नाही, तुझ्या पायात आहे. म्हणून मी फोनवर उलट विचारलं की चालताना डाव्या पायातली चप्पल निसटते का. तू हसलास. म्हातारा विषय बदलतो असं वाटलं असेल तुला.

विषय तोच होता. बत्तीस वर्षं मी आरोग्य खात्यात काढली. हिवतापाच्या काचपट्ट्या घेत उंद्रीच्या आसपासची खेडी सायकलीवर फिरलो. मी डॉक्टर नाही. पण कंबर धरून बसलेली माणसं जेवढी ओट्यावर, धुऱ्यावर, बाजेवर पाहिली, तेवढी दवाखान्यात बसणाऱ्यालाही दिसत नाहीत. शिवाय माझी स्वतःची नस दोनदा दबली. पहिल्यांदा एकतिसाव्या वर्षी, तुझ्यासारखीच, पोतं उचलताना. दुसऱ्यांदा साठीनंतर, आणि ती तऱ्हा अगदीच वेगळी निघाली. ती पुढे सांगतो.

आधी उसण आणि नस यातला फरक मनात पक्का कर. उसण म्हणजे पाठीचा स्नायू आखडणं. कंबर धरते, वाकता येत नाही, शिंकलं तरी जीव जातो, पण दुखणं कमरेतच राहतं. आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाला बोलावतात, आईच्या पोटातून पायाकडून आलेला. तो पाठीवरून हलकेच पाय फिरवतो आणि दोन-चार दिवसांत माणूस उठून चालू लागतो. तुझी आजी शपथेवर सांगायची की गुण येतो. गुण येतोच, कारण उसण तशीही दोन-चार दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत उतरते. पायाळूने हलकेच पाय फिरवला तर माझी हरकत नाही. पाठीवर उभं राहून तुडवणारे असतात, त्यांच्यापासून मात्र लांब राहा. नुसती पाठ धरली तरी काय होतं ते बघ. १९९९ च्या जानेवारीत चेन्नईच्या कसोटीत पाकिस्तानविरुद्ध सचिन १३६ धावा करून बाद झाला आणि आपण १२ धावांनी हरलो. त्या डावात त्याची पाठ धरली होती. घरोघर लोक टीव्हीसमोर बसून स्वतःची कंबर चोळत होते. तेव्हा कमरेची कळ भयंकर असू शकते. पण ती पायात उतरत नसेल तर बहुधा नस दबलेली नाही.

नस दबली की दुखणं प्रवास करतं. कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीत, तिथून घोट्यापर्यंत. विजेची तार लागल्यासारखी चमक, मुंग्या, कधी आग. पुष्कळदा कंबर दुखतच नाही, नुसता पाय दुखतो आणि माणूस महिनाभर पोटरीला तेल चोळत बसतो. आयुर्वेदात याला गृध्रसी म्हणतात. गृध्र म्हणजे गिधाड. या दुखण्याचा माणूस गिधाडासारखा अंग टाकत चालतो म्हणून हे नाव, असं वैद्य सांगतात. दुखणं सुरू झालं त्या दिवशी ट्रॉलीपासून घरापर्यंत तू कसा आलास ते तुझ्या बायकोने मला सांगितलं, तेव्हा मला हेच आठवलं.

आत काय झालंय ते समजून घे, म्हणजे भीती निम्मी होईल. कण्यात मणके ३३. त्यातले खालचे एकमेकांत जुळलेले, वरचे २४ सुटे. सुट्या मणक्यांच्या मध्ये गाद्या, एकूण २३. गादी म्हणजे पुरणाची पोळी समज: बाहेर चिवट कडा, आत मऊ गर. पोळी लाटताना पुढच्या कडेवर जोर पडला की पुरण मागच्या कडेने फुटून बाहेर येतं. तू कमरेतून वाकून कट्टा उचलतोस तेव्हा मणके पुढून दाबले जातात आणि गर मागे सरकतो. मागे नेमक्या नसा असतात. चौथ्या-पाचव्याची गादी आणि पाचव्याच्या खालची गादी, या दोनच जागा कमरेतल्या बहुतेक सगळ्या भानगडींचं मूळ, कारण सगळा भार तिथे उतरतो आणि वाकणंही तिथेच होतं. या भागातल्या नसा एकत्र येऊन पायात जाणारी जी मोठी नस होते, ती अंगठ्याएवढी जाड असते. अख्ख्या शरीरात तिच्याएवढी जाड दुसरी नस नाही. सरकलेल्या गादीमुळे ती दुखते हे १९३४ साली बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी नीट दाखवून दिलं. तोवर वातापासून थंडीपर्यंत सगळ्यांवर खापर फुटत होतं. आपल्याकडे अजूनही फुटतं.

आणखी एक. बाहेर आलेला गर नसेला नुसता दाबत नाही, तिला चिडवतो, सुजवतो. पहिले दोन-तीन आठवडे जी आग होते ती बरीचशी या सुजेची. शरीर त्या बाहेर आलेल्या तुकड्याला परका समजून हळूहळू खाऊन टाकतं. गंमत अशी की पार बाहेर पडलेला मोठा तुकडा पुष्कळदा जास्त विरघळतो. म्हणून कागदावर "मोठा" शब्द दिसला तरी घाबरू नकोस. दहातले आठ-नऊ जण सहा ते बारा आठवड्यांत चिरफाड न करता कामाला लागतात.

कागदाचंही जास्त मनावर घेऊ नकोस. १९९४ साली अमेरिकेत ९८ माणसांचे एमआरआय काढले. एकालाही पाठदुखी नव्हती. तरी ५२ टक्के लोकांची निदान एक गादी फुगलेली निघाली. पांढरा केस दिसला म्हणून कोणी दवाखान्यात जात नाही, तसंच हेही पुष्कळांच्या बाबतीत. फोटोतली गादी आणि पायातलं दुखणं एकाच बाजूचं, एकाच नसेचं जुळलं तरच त्या फोटोला किंमत. तुझं जुळतंय, एवढं खरं.

आता माझा मुख्य कानमंत्र. दुखतं किती, हे मोजू नकोस. दुखणं कुठवर उतरतं आणि पायात जोर किती, हे दोनच बघ.

पहिलं, कुठवर. १९५६ साली न्यूझीलंडमध्ये रॉबिन मॅकेन्झी नावाचे फिजिओथेरपिस्ट होते. त्यांचा पाय दुखणारा एक रुग्ण डोक्याकडची बाजू उचललेल्या टेबलावर चुकून पालथा पडून राहिला, कंबर मागे वाकवून. मॅकेन्झी परत येऊन बघतात तो काय, गड्याचा पाय कित्येक दिवसांनी शांत झालेला. त्यातून त्यांनी जे शोधलं ते आपल्या कामाचं आहे: दुखणं टाचेतून पोटरीत, पोटरीतून मांडीत, मांडीतून कमरेत असं वर चढत गेलं तर नस सुटते आहे. मग कंबर आधीपेक्षा जास्त दुखली तरी चालेल. लोक इथेच फसतात. पाय मोकळा होऊन कंबर दुखायला लागली की म्हणतात, आता वाढलं. वाढलं नाही, परतीला लागलं.

मी एकतिसाव्या वर्षी पडलो तेव्हा तुझ्या काकूने हे सोपं करून दिलं होतं. कालनिर्णयच्या ज्या चौकोनात ती दुधाचा हिशोब लिहायची, त्याच चौकोनात रोज दिवेलागणीला माझं दुखणं कुठवर आलं ते एका शब्दात लिहायची. "टाच. टाच. टाच." मध्येच "दूध दीड लिटर, टाच." एकोणीस दिवस टाच होती. विसाव्या दिवशी "पोटरी" आलं. ते पान मी कितीतरी वर्षं जपून ठेवलं होतं, घर बदलताना गेलं. तुझ्या बायकोला सांग, हे काम तिने करावं. दुखणाऱ्या माणसाला स्वतःचा अंदाज येत नाही, त्याला रोजच मेल्यासारखं वाटतं.

दुसरं, जोर. रोज सकाळी ओट्याचा खांब धरून टाचांवर दहा पावलं चाल, पंजे वर उचलून. मग चवड्यांवर दहा. मग बसून दोन्ही पायांचे अंगठे वर उचल आणि बायकोला बोटाने दाबायला सांग. डावा आणि उजवा सारखेच तग धरतात का? तुझी जी नस दबलीय ती पंजा आणि अंगठा वर उचलायचं काम करते. ती थकली की पंजा लटकतो, पाऊल फरशीवर फट् करून आपटतं आणि चप्पल कधी निसटली ते कळतही नाही. तिच्या खालची नस दबली तर चवड्यावर उभं राहवत नाही, करंगळीची कड बधिर होते. वरची दबली तर मांडी पुढून दुखते, जिना चढताना गुडघा दगा देतो. आणि नीट ऐक: दुखणं अचानक गेलं पण पंजा लटकायला लागला, तर ते बरं होणं नाही, नस मरायला लागल्याची खूण आहे. त्या दिवशी माझ्या फोनची वाट बघू नकोस, डॉक्टर गाठ.

त्याहून वाईट एक खूण आहे, ती सांगायला माणसं लाजतात म्हणून मी उघड सांगतो. लघवी अडली, किंवा कळेनाशी होऊन कपड्यात झाली, संडासच्या जागी आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला, म्हणजे सायकलच्या सीटला जेवढं अंग टेकतं तेवढ्या भागाला बधिरपणा आला, दोन्ही पाय एकदम ढिले पडले, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी १०८ ला फोन. पाठीचा मुख्य दोर कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, त्याच्याखाली घोड्याच्या शेपटीसारखा नसांचा झुबका असतो. तो सगळा दाबला गेला तर ऑपरेशन तासांच्या हिशोबाने करावं लागतं, दिवसांच्या नाही. उशीर झाला तर लघवीची नळी जन्माची. अशा वेळी "सकाळी बघू" म्हणणारा घरात कोणी असेल तर त्याचं ऐकू नकोस, मग तो मी असलो तरी.

आता घरी काय करायचं. दोन दिवसांपेक्षा जास्त बाजेवर पडून राहू नकोस. पूर्वी डॉक्टरच तीन-तीन आठवडे पडायला सांगत, मलाही सांगितलं होतं आणि मी उठलो तेव्हा मांड्या काडीसारख्या झाल्या होत्या. आता तसं कोणी सांगत नाही. घरात, अंगणात, दर तासाला थोडं चाल. चालताना दुखणं खाली उतरलं तर थांब, वर चढलं तर चालत राहा. पडताना उताणा पडलास तर पोटऱ्यांखाली गुंडाळलेली गोधडी ठेव, कुशीवर पडलास तर गुडघ्यांमध्ये उशी घे. बाज झोळीसारखी पडली असेल तर दोरी ओढून घे. उठताना सरळ उठायचं नाही. आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, हाताने रेटून अंग वर घ्यायचं. खोकला किंवा शिंक आली तर गुडघे किंचित वाकव आणि भिंतीला हात लाव. बद्धकोष्ठ होऊ देऊ नकोस, कुंथण्याने गादीवर दाब वाढतो. रोज संध्याकाळी पपई खा, ताक पी, काय वाटेल ते कर.

पालथं पडून कोपरांवर अंग उचलायचं, पाच मिनिटं. पाय शांत झाला तर दिवसातून पाच-सहा वेळा. पाय जास्त दुखला तर सोडून दे, फिजिओथेरपीवाल्याला विचार. हे सगळ्यांना मानवतं असं नाही आणि माझ्या वयाच्या माणसाला तर उलटंच करावं लागतं.

गोळ्यांचं: दुखणं मारणारी गोळी पोट रिकामं ठेवून घ्यायची नाही आणि दुकानदाराच्या सांगण्यावरून महिनोन्‌महिने तर नाहीच, मूत्रपिंडं जातात. नसेसाठी म्हणून ज्या गोळ्या देतात त्यांनी झोप येते, तेव्हा ती खाऊन ट्रॅक्टरवर बसू नकोस. बाजारात काळ्या-करड्या पुड्या मिळतात, "जडीबुटी" म्हणून. पहिल्या पुडीतच चमत्कार झाला, तर त्यात स्टेरॉइड कुटून घातलंय असं समज. दोन महिन्यांनी तोंड सुजतं, साखर वाढते, हाडं पोकळ होतात. मी अशी सुजलेली तोंडं ओळखायला शिकलो होतो, नुसतं रस्त्याने जाताना.

एक गवंडी होता, गाव सांगत नाही. पाच महिने त्याची "नस" चोळली जात होती. रोज तेल, रोज मालिश. मी काचपट्टी घ्यायला गेलो तेव्हा सहज विचारलं, ताप येतो का? म्हणाला, संध्याकाळी बारीक येतो. वजन? पँट दोरीने बांधलेली. रात्री पडल्यावर दुखणं वाढतं का? हो. पाठीवर हात फिरवला तर एक मणका बाहेर आलेला, उंचवटा लागला. तो मणक्याचा क्षय होता. इंग्लंडच्या पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्येच या दुखण्याचं वर्णन लिहून ठेवलंय आणि आपल्याकडे ते अजून मालिशवाल्याच्या हातून सुटतं. क्षयाचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. वर्षाच्या आसपास घेतलं आणि गडी पुन्हा परांचीवर चढला. म्हणून ताप, घटतं वजन, रात्री पडून राहूनही न थांबणारं दुखणं, किंवा आधी कधी कर्करोग झालेला असणं, यातलं काहीही असेल तर घरगुती उपाय बंद.

आता पोत्याबद्दल बोलतो, कारण यात तुझी चूक आहे आणि तुझ्या आजोबांचा शहाणपणा आहे. ते बाजार समितीत काही वर्षं हमाल होते. तेव्हा क्विंटलचं पोतं दोघं जण पाठीवर चढवून देत आणि एकटा घेऊन चाले. माथाडी-हमालांसाठी महाराष्ट्रात कायदा झाला तो १९६९ साली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने त्याच्या दोन वर्षं आधी एका पुरुषाने उचलायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो सांगितली होती. आजोबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते एवढंच म्हणत, "पोटाशी घेजो, मंग उठजो. हात लांब केले की पोतं दुप्पट होते." हे अक्षरशः खरं आहे. युरियाची गोणी आता ४५ किलोची येते, पण ती हातभर लांब धरून उचललीस तर कमरेच्या गादीवर त्याच्या कितीतरी पट जोर येतो. पाय फाकव, गुडघ्यात बस, गोणी अंगाला चिकटव, मग मांड्यांच्या जोरावर उठ. आणि वळायचं असेल तर पावलं वळव, कंबर पिळू नकोस. तू त्या दिवशी नेमकं उलटं केलंस. थ्रेशरपासून कट्टा उचलला आणि पाय जागेवर ठेवून ट्रॉलीकडे पिळलास. वाकणं, ओझं आणि पिळणं तिन्ही एका क्षणात. गादीला एवढंच पुरतं.

त्यातही तू हे सकाळी सहाला केलंस. रात्रभर पडून राहिल्यावर गाद्या पाणी पिऊन फुगतात. सकाळी माणूस रात्रीपेक्षा सेंटीमीटरभर उंच असतो तो त्यामुळेच. फुगलेली गादी लवकर फुटते. म्हणून उठल्यापासून तासभर वाकून जड काम करायचं नाही. सोंगणीच्या दिवसांत पहाटे वावरात जावं लागतं, मला कळतं. पण पहिला तास सुडी बघ, पाणी भर, उभ्याने करायची कामं कर, कट्टे नंतर.

फवारणीचा पंप जमिनीवरून पाठीवर घ्यायचाच नाही. सोळा लिटरचा म्हणजे सोळा किलो पाणी, वर पंपाचं वजन. तो ट्रॉलीच्या फळीवर नाहीतर धुऱ्यावरच्या मोठ्या दगडावर ठेवायचा, तिकडे पाठ करून पट्टे खांद्यात घालायचे आणि उभं राहायचं. दोन फेऱ्या जास्त झाल्या तरी पंप अर्धाच भरलेला बरा. घरातल्या बायांचं तर कोणी बोलतच नाही. त्या निंदायला कमरेत वाकून दिवस काढतात. गुडघा टेकून, मग दुसरा टेकून, मग बसून, अशी बैठक बदलत राहायला सांग. वेचणीला कापसाची ओटी पोटावर भरत जाते आणि पुढे ओढत राहते, ती अर्धी झाली की रिकामी करायची. हे सांगितलं की मुकादम कुरकुरतो. कुरकुरू दे.

मानेचंही थोडक्यात सांगतो, कारण तुझी आई परवा हात झटकत होती. मानेतली नस दबली तर दुखणं खांद्यातून हातात उतरतं. अंगठ्यापर्यंत गेलं तर एक नस, मधल्या बोटात गेलं तर तिच्याखालची, करंगळीत गेलं तर तिच्याही खालची. पण रात्री झोपेत अंगठा ते मधलं बोट बधिर होऊन हात झटकावा लागत असेल, तर बहुधा मान निर्दोष आहे. मनगटात नस दबलीय, धारा काढणाऱ्या बायांत हे फार. तिला रात्री मनगट सरळ राहील असा पट्टा बांधायला सांग आणि साखर तपासून घे. साखरेनेही नसा जातात, पण त्या दोन्ही पायांत सारख्या, मोजे घातल्यासारख्या, तळव्यापासून वर. दबलेली नस अशी दोन्हीकडे सारखी क्वचित बोलते.

आता माझी दुसरी तऱ्हा. साठीनंतर मला असं होऊ लागलं की घरापासून मारुतीच्या देवळापर्यंत चाललो की दोन्ही मांड्या जड, पोटऱ्यांत गोळे. पारावर दोन मिनिटं वाकून बसलो की सगळं गायब. सायकलीवर मात्र अमडापूरला जाऊन यायचो, काही नाही. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याचं सोंग. सोंग नव्हतं. म्हातारपणी मणक्यांची हाडं वाढून, पडदे जाड होऊन नसांची नळीच अरुंद होते. ताठ उभं राहिलं की ती आणखी आवळते, पुढे वाकलं की मोकळी होते. सायकलवर माणूस वाकलेला असतो, म्हणून ती चालते. असाच त्रास बिडी-तंबाखूने पायाच्या रक्तवाहिन्या बंद पडल्या तरी होतो. पण त्यात नुसतं उभं राहिलं तरी आराम पडतो, बसावं किंवा वाकावं लागत नाही. पायाची नाडी घोट्यापाशी लागते का ते डॉक्टर बघतात. गजानन महाराजांच्या पालखीबरोबर खामगाव ते शेगाव मी अजूनही चालतो, पण काठीवर थोडा पुढे झुकून आणि वाटेत दहा वेळा बसून. लोकांना वाटतं भक्तीने वाकलोय.

आता तुझा मूळ प्रश्न, ऑपरेशनचा. गावात दोन्ही टोकं ऐकशील. एक म्हणेल कापलं की माणूस लुळा होतो, दुसरा म्हणेल उद्याच करून टाक. २००७ साली नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २८३ रुग्णांचा अभ्यास छापला. पायाचं दुखणं दीड ते तीन महिने न हटलेले लोक, निम्म्यांचं लवकर ऑपरेशन केलं, निम्म्यांना थांबवलं. ज्यांचं केलं त्यांचा पाय लवकर शांत झाला. वर्षाअखेर दोन्हीकडचे जवळजवळ सारखेच. म्हणजे ऑपरेशन हे पाप नाही आणि चमत्कारही नाही, ते दुखण्याचे महिने वाचवतं. पंजा लटकत चालला किंवा लघवी अडली तर प्रश्नच नाही, करायचं. सहा ते बारा आठवडे सगळं नीट करूनही झोप लागत नसेल, तर करायला हरकत नाही. त्याच्या आधी कोणी तारीख देत असेल तर दुसऱ्या डॉक्टरला कागद दाखव. मुंबईत पाठीच्या कण्याच्या शस्त्रक्रियेत नाव कमावलेले डॉ. प्रेमानंद रामाणी गोव्याचे. दुसऱ्यांचे कणे दुरुस्त करून ते स्वतः मॅरेथॉन धावत आले. ऑपरेशनला भिणाऱ्यांना मी त्यांचं "ताठ कणा" वाचायला देतो. पैशाचं बघायचं तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कोणतं ऑपरेशन बसतं ते योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारायचं, रेशनकार्ड आणि आधार बरोबर न्यायचं. दलाल मध्ये घ्यायचा नाही.

तुझ्या दुखण्याला आज नववा दिवस. काल रात्री तू फोनवर म्हणालास की टाचेतल्या मुंग्या कमी झाल्यात पण पोटरी फार ठणकते. ते तुला वाईट वाटत होतं. कालनिर्णयवर कालच्या चौकोनात "पोटरी" लिहून घे. राहिलेले कट्टे थोरल्याने भरायचे, मी त्याच्याशी बोललोय. रविवारी चिखलीहून सकाळच्या एसटीने उंद्रीला येतो, तेव्हा ओट्यावर माझ्यासमोर टाचांवर दहा पावलं चालून दाखव. चप्पल काढून ठेवू नकोस, घालूनच चाल.